समासातल्या ओळी कुणाच्या?

आमच्या पेठेतल्या वाचनालयाच्या ग्रंथपालांना चव्वेचाळीस साली, होळीच्या आदल्या मंगळवारी, सकाळी साडेदहा वाजता कामावरून काढलं. आरोप असा, की त्यांनी वाचनालयाची पुस्तकं पेन्सिलीनं विद्रूप केली. आरोप खोटा होता. खोलीत अकरा माणसं बसली होती आणि त्यांतल्या निदान चौघांना तो खोटा असल्याचं पक्कं ठाऊक होतं. चौघंही गप्प बसले. त्या चौघांतला एक मी.

हे आधीच सांगून टाकतो. कारण या माणसाबद्दल लिहायचं म्हणजे हसू येणार, आणि हसून झाल्यावर लोक विसरतात. मला विसरू द्यायचं नाही.

अख्खा सातारा त्यांना मास्तर म्हणायचा. शाळामास्तर नव्हे, स्टेशनमास्तर. रेल्वेशी त्यांचा संबंध तिकीट काढण्यापुरता. पण वाचनालयाच्या दारात कोणी पाऊल टाकलं की चष्म्याच्या वरून बघत पहिला प्रश्न यायचा, "कुठं निघालात?" कोणतं पुस्तक हवं, हा प्रश्न मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही.

त्यांचा नियम साधा होता. कादंबरी ज्या गावात घडते त्या गावाला जो निघालाय त्यालाच ती मिळेल. कऱ्हाडला लग्नाला चाललात, तर कऱ्हाडच्या संगमावरची घ्या. वाईला देवाला चाललात, तर वाईची. कुठंच जात नसाल, तर कादंबरी नाही. मग चरित्रं न्या, निबंध न्या.

"घरात बसून वाचायला पंचांग आहे की," असं ते म्हणत, आणि खरंच पंचांग पुढं सरकवत.

लोक चिडायचे. एका निवृत्त मामलेदारांनी तर टेबलावर काठी आपटली होती. "मी वर्गणी भरतो! मला कोकणातली ती कादंबरी हवीय!"

"मग महाबळेश्वर उतरून खाली जा. दोन दिवसांचं काम आहे."

"अहो, माझे गुडघे!"

"मग गुडघ्यांना झेपेल अशी देतो. माहुलीची आहे एक. टांगा जातो."

आणि मामलेदार खरोखर टांग्यानं माहुलीला जाऊन आले. वर परत येऊन तासभर मास्तरांशी भांडले, की कादंबरीत घाटावर ऊन पडतं त्या वेळी तिथं ऊन पडूच शकत नाही. मास्तरांचा चेहरा त्या दिवशी मुंज झालेल्या मुलाच्या बापासारखा दिसत होता. "हे लिहा," ते म्हणाले, आणि पेन्सिलीचा तुकडा पुढं केला. "त्याच पानावर. समासात."

हा नियमाचा दुसरा भाग. प्रत्येक कादंबरीबरोबर बोटभर लांबीची शिसपेन्सिल मिळायची. गावात जाऊन जे बघाल ते समासात लिहायचं. देऊळ कादंबरीत डाव्या हाताला, प्रत्यक्षात उजव्या. चिंच तोडली. विहीर आहे, पाणी खारं. एवढंच लिहायचं, आणि नाव घालायचं नाही. नाव का नाही, असं मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "नाव घालायचं म्हटलं की लोक आवडली, छान आहे, असलं काहीबाही लिहितात."

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो, कॉलेज सोडलं होतं, आणि देश मीच स्वतंत्र करणार याबद्दल मला शंका नव्हती. वाईची एक कादंबरी सगळे वाचत होते. मास्तरांनी विचारलं, मी ठोकून दिलं, "वाईला निघालोय." घरी माळ्यावर बसून दोन दिवसांत संपवली. समासात लिहिलं, घाट फार रम्य आहे.

मास्तरांनी ते वाचलं. "नायिका कितव्या पायरीवर बसते?"

"सातव्या."

"सातवी पायरी कोरडी होती?"

"होती."

"या दिवसांत पाचवीपर्यंत पाणी असतं की वर असतं, हे तू बघितलंस?"

मी पुस्तक ओढून घेऊन तेच पान पुन्हा उघडलं.

"देशाचं काम करतोस म्हणे. न बघता लिहायची सवय आत्ताच लागली, तर पुढं कसं व्हायचं रे?"

मला इतका राग आला की दुसऱ्या दिवशी सर्व्हिस मोटारीनं मी वाईला गेलो. पायऱ्या मोजल्या. पाण्यात पाय सोडून तेच पुस्तक तिथं बसून पुन्हा पहिल्या पानापासून वाचलं. माळ्यावर वाचलेली कादंबरी ती नव्हतीच. कुठूनतरी धुणं आपटल्याचा आवाज येत होता आणि पुस्तकातही धुणं आपटत होतं. आजवर मी शेकडो पत्रकं लिहिली; त्यांतलं कोणतं खरं आणि कोणतं माळ्यावरचं, हे ओळखायची खूण मला त्या दुपारी मिळाली.

मास्तरांबरोबर मी एकदाच आगगाडीचा प्रवास केला. आम्ही दोघं सांगलीला निघालो होतो, ते भाचीकडे आणि मी कामाला. त्यांच्या कोटाला चार खिसे आणि चारही खिशांत एकेक कादंबरी. कोरेगावला गाडीत बसताच त्यांनी पहिली काढली आणि मोठ्यानं वाचायला लागले. मनातल्या मनात वाचणं त्यांना मंजूर नव्हतं. गाव जवळून जातंय तर गावानंही ऐकावं, असं काहीतरी. डब्यात तासगावकडचे एक शेतकरी पाटील बसले होते. आधी त्यांनी तोंड फिरवलं, मग हळूहळू कान दिला, मग पानाची चंची बाजूला ठेवली. कादंबरीत एक पोर घरच्यांशी भांडून विहिरीच्या काठावर येऊन उभी राहिली. मसूर आलं, मसूर गेलं. मास्तरांनी पुस्तक मिटलं, खिशात घातलं, दुसरं काढलं.

"आवं!" पाटील ओरडले. "फुडं काय झालं?"

"मसूर गेलं."

"गेलं तर जाऊ द्या की! त्या पोरीचं काय?"

"ती गोष्ट मसूरपर्यंतची आहे. पुढची पानं परतीच्या गाडीत."

"मी परत न्हाई येनार! मी टाकारीला उतरनार हाय!"

"मग पुन्हा कधीतरी या लायनीला या."

पाटील माझ्याकडे वळले. "गड्या, तुमी त्यांच्याबरूबर हाय न्हवं? पोरगी मेली का वाचली, येवढं सांगा, बास."

मला माहीत नव्हतं. मास्तर शांतपणे कऱ्हाडची कादंबरी वाचू लागले होते. टाकारी येईपर्यंत पाटलांनी त्यांच्याकडे एकदाही बघितलं नाही. उतरताना मात्र खिडकीशी येऊन म्हणाले, "तुमचं ते वाचनालय साताऱ्यात कुटं हाय वो?" पुढच्या महिन्यात ते आले. कादंबरी घेऊन मसूरला गेले. ती विहीर शोधून काढली आणि समासात लिहिलं: विहिरीत पानी गुडघाभर. पोरगी मरनार न्हवतीच.

हसा. मीही हसलो होतो. पण ही ओळ लक्षात ठेवा. असल्या ओळींसाठीच एका माणसाचं काम गेलं.

नियम मोडताना मी त्यांना एकदाच पाहिलं. विट्याचा एक जण आला होता, तिशीच्या आतला. सोनं गाळायच्या दुकानात कामाला मद्रासच्याही पलीकडे निघाला होता. मास्तरांनी नेहमीचा प्रश्न विचारला. त्यानं गावाचं नाव सांगितलं. मास्तरांनी यादी उघडली, मिटली. त्या मुलखावर मराठीत काही नव्हतं.

"आसू द्या मास्तर," तो म्हणाला. "तिकडं मराठी बोलनारं बी कोन न्हाई. वाचनार तरी काय?"

मास्तर उठले, आतल्या कपाटातून एक पातळसं पुस्तक घेऊन आले. "हे तुमच्या विट्याकडचं आहे. तिकडं गेल्यावर वाचा. आधी नाही."

"पर तुमचा नेम तर उलटा हाय न्हवं?"

"जाणाऱ्याला जे गाव दिसत नाही ते द्यायचं, असंही चालतं," मास्तर म्हणाले. हा नियम त्यांनी त्या क्षणी केला, हे मला त्यांनी मान वळवली त्यावरून कळलं.

दोन वर्षांनी ते पुस्तक परत आलं. एकही समास कोरा नव्हता. मारुतीचा पार, बाजाराचा रस्ता, कुठं काय चुकलंय ते सगळं. शेवटच्या पानावर लिहिलं होतं: ह्यो लेखक आमच्याकडं कवा आलेला न्हाई. पर मी रोज जाऊन आलो.

आता माझ्याकडे येतो.

बेचाळीसनंतर आमचं काम लपून चाले. पत्रकं वाटायची तर हातोहात वाटता येत नव्हती. मी ती वाचनालयाच्या कादंबऱ्यांत घालू लागलो. मास्तरांना न सांगता. आठवडाभरात मास्तरांच्या हाती सापडलो. त्यांनी मला कपाटाआड बोलावलं. हातात कोकणातली कादंबरी आणि आमचं पत्रक. मला वाटलं, आता पोलिसांचं नाव काढतील.

"हे पत्रक कुणासाठी आहे?"

"कोरेगाव तालुक्यातल्या लोकांसाठी."

"आणि घातलंस कशात?"

मी पुस्तकाकडे बघितलं.

"कोकणात! कोरेगावच्या माणसाला बोलावतोस आणि चिठ्ठी देतोस रत्नागिरीला निघालेल्याच्या हातात! लाज वाटते का? ही काय काम करायची रीत झाली?"

त्यांनी स्वतः सगळी पत्रकं काढली आणि स्वतः लावली. कोरेगावचं कोरेगावच्या कादंबरीत, म्हसवडचं म्हसवडच्या. बंडात आपण सामील झालो असं त्यांच्या मनातही नव्हतं. पुस्तकं जागेवर लावल्यासारखं त्यांनी ते काम केलं. आणि आमची पत्रकं तोवर कधी पोचली नव्हती इतकी नेमकी पोचू लागली, कारण पुस्तक नेणारा प्रत्येक जण त्याच गावाला निघालेला असे.

त्या वेळी मीही कोरेगावची कादंबरी घेऊन गेलो होतो. तिच्यात गावाअलीकडच्या ओढ्यावर सात कमानींचा पूल आहे. मी समासात लिहिलं: कमानी पाच. कादंबरीत सात. स्टेशनापासून पाऊण मैल, अर्धा नव्हे. शपथेवर सांगतो, त्या ओळीत माझं राजकारण नव्हतं. त्या सबंध वर्षात मी केलेलं एकमेव निरुपद्रवी काम ते.

होळीच्या आधीच्या शनिवारी फौजदार झडतीला आले. पत्रक एकही सापडलं नाही. सगळी आपापल्या गावी गेली होती. सापडल्या या ओळी. पूल, स्टेशन, चौकी देवळाच्या मागं आहे की पुढं, रस्ता कुठं अरुंद होतो. रेल्वेच्या तारा तोडल्या जात होत्या ते दिवस. फौजदारांनी एकेक पुस्तक उघडलं आणि त्यांचा चेहरा उजळत गेला.

"ही कमानींची मोजदाद कशापायी?"

"कादंबरीत चूक होती," मास्तर म्हणाले.

"कादंबरीला काय करायचंय कमानींशी?"

"कादंबरीला काही करायचं नसतं, फौजदारसाहेब. तिथं जाणाऱ्याला करायचं असतं."

"तेच! जाऊन काय करायचं असतं त्याला?"

"वाचायचं असतं."

फौजदारांनी पोलिसाकडे बघितलं, पोलिसानं छताकडे. पाच पुस्तकं गाठोड्यात बांधून ते गेले. मी वर्तमानपत्राआड बसून होतो. पान उलटायचंही सुचलं नाही.

मंगळवारी कमिटी बसली. सभासद म्हणून मीही गेलो. अध्यक्ष वकीलसाहेब म्हणाले, पोलिसांना उत्तर हवंय, नाहीतर वाचनालयाला कुलूप लागेल. या ओळी कुणी लिहिल्या, ते ज्यानं त्यानं उभं राहून सांगावं. टेबलावर काही पुस्तकं मांडली होती. त्यांत म्हसवडची कादंबरी होती. तिच्या समासात यात्रेत रथ निघतो त्या दिवशीच्या चार ओळी आहेत, आणि त्या वकीलसाहेबांच्या आहेत. मला ठाऊक होतं, कारण पुस्तक परत देताना मी त्यांच्यामागं उभा होतो. कमिटीतल्या डॉक्टरांच्या ओळी होत्या. तिथंच बसलेल्या मामलेदारांच्या होत्या. माझ्या तर गाठोड्यातून पोलिसांकडे गेल्या होत्या.

कोणी उठलं नाही.

मास्तरांनी म्हसवडचं पुस्तक उचललं, ते पान उघडलं, वाचलं आणि मिटून पालथं ठेवलं. वकीलसाहेबांकडे बघितलंही नाही. म्हणाले, "सगळं अक्षर माझं आहे."

निरनिराळ्या वीस हातांची अक्षरं, त्यांतली अर्धी त्यांच्याहून वाईट. अकरा माणसांनी ते मान्य केलं. ठराव झाला: पुस्तके विद्रूप केल्याबद्दल सेवेतून कमी, आणि सर्व मजकूर खोडून टाकावा. मी तेव्हा स्वतःला सांगितलं, मी पकडलो गेलो तर काम थांबेल. काम थांबलं नसतं. माझ्यावाचून ते छान चाललं असतं. मी भ्यालो होतो.

तो ठराव आजही मिनिटबुकात आहे. स्वातंत्र्य आलं, त्याच वकीलसाहेबांनी वाचनालयावर झेंडा लावला, मी टाळ्या वाजवल्या. गेल्या महिन्यात मी कमिटीला अर्ज दिला, ठराव रद्द करा. उत्तर आलं: संबंधित इसमाने गुन्हा स्वतः कबूल केला होता, अक्षर इतरांचे असल्यास तसा पुरावा आणावा.

अर्ज घेऊन मी आधी सांगलीला गेलो होतो. मास्तर भाचीकडे, नदीकाठी राहतात. सांगली संस्थान होतं तेव्हा तिथं इंग्रजांच्या पोलिसांचा ताप नाही म्हणून भाचीनं आणलं, ते तिथंच राहिले. खूप वाळलेत. मी विचारलं, "हल्ली काय वाचता?"

"काही नाही. मी कुठं जात नाही."

"सांगलीचं वाचा की."

"सांगलीवर एकच आहे. आणि ती मला आवडत नाही."

भाची आतून म्हणाली, "तरी पाच वेळा वाचून झाली!"

मग मी सांगून टाकलं. कोरेगावची ओळ माझी होती. मी त्या दिवशी खोलीत होतो. पाच वर्षं हे वाक्य मी तोंडात धरून हिंडत होतो. मास्तर म्हणाले, "मला ठाऊक होतं. तुझ्याइतकं गिचमीड त्या कपाटात कोणाचं नाही." मग म्हणाले, "आणि कमानी पाच नाहीत."

"म्हणजे?"

"मला काढलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी इकडं यायला निघालो. कोरेगावला गाडीला दोन तास होते. ओढ्यात उतरून मोजल्या. सहा आहेत. एक झाडीत बुजलीय, रस्त्यावरून दिसत नाही. तू रस्त्यावरूनच मोजल्यास."

मला रडू आलं. त्यांना वाटलं, चूक झाली म्हणून. "अरे, असं होतं," ते म्हणाले. "कादंबरीवाला एकानं चुकला, तू एकानं. दोघांच्या मध्ये पूल सापडला ना?"

ठराव रद्द करायचं मी बोललो तेव्हा मात्र ते गंभीर झाले. "मला परत यायचं नाही तिथं. पण नावं न घालायचा माझा नियम चुकला. नाव असतं तर ओळ सोडून पळता आलं नसतं कोणाला."

साताऱ्याला परतून मी वाचनालयात गेलो. सगळा मजकूर खोडून टाकावा, असा ठराव होता. पण आपल्याकडे ठराव करायला माणसं मिळतात, रबर घेऊन बसायला मिळत नाहीत. पुस्तकं तशीच आतल्या कपाटात कोंबलेली आहेत. पोलिसांकडची पाचही परत येऊन पडली आहेत. कोरेगावचं मी काढलं, चूक दुरुस्त केली आणि खाली माझं नाव घातलं. म्हसवडचंही उघडलं. वकीलसाहेबांच्या त्या चार ओळींत काय आहे, हे मी छापणार नाही; त्या एका घरातल्या खाजगी गोष्टीच्या आहेत. मास्तरांनी ते पान पालथं ठेवलं, मी कोण ते चारचौघांत उलटणार? पण वकीलसाहेब, त्या तुमच्या आहेत हे मी छापतो आहे.

नव्या ग्रंथपालांनी मला सांगितलं, की दिवाळीच्या आत ते कपाट रिकामं करून पुस्तकं रद्दीत घालायची आहेत. रेघोट्या मारलेल्या पुस्तकांना वाचक नाही म्हणे.

तुम्ही सातारचे असाल, कधी मास्तरांच्या टेबलासमोर उभे राहिला असाल, कुठंतरी जाऊन काहीतरी बघून चार शब्द लिहिले असतील, तर ते शब्द त्या कपाटात आहेत आणि त्यांचा गुन्हा दुसऱ्या माणसाच्या नावावर आहे. दिवाळी पंधरा दिवसांवर आली. उद्या सकाळी वाचनालय उघडेल तेव्हा दारात उभे राहा. कपाट उघडून मागा. देत नसतील तर मिळेपर्यंत हलू नका. तुमची ओळ शोधा आणि तिच्याखाली तुमचं पूर्ण नाव लिहा. शाईनं.